ओगोदेईचा राजवाडा गेला कुठे?

१९४८ साली सोव्हिएत पुरातत्त्वज्ञ सर्गेई किसेल्योव्ह यांनी मंगोलियातल्या ओरखोन नदीच्या खोऱ्यात एक चौथरा खणायला घेतला, तेव्हा आत काय मिळणार हे त्यांना कुदळ मारण्याआधीच ठाऊक होतं. चंगेझ खानाचा मुलगा ओगोदेई याने १२३५ मध्ये काराकोरम या आपल्या राजधानीला तट घातला आणि राजवाडा बांधला, हे त्या काळच्या लिखाणात स्पष्ट आहे. जुन्या शहराच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात हा चौथरा आणि जवळच ग्रॅनाइटचं भलंमोठं कासव. आसपासच्या गवताळ माळावर त्याच्या तोडीचं दुसरं काहीच दिसत नव्हतं. दोन हंगामांच्या कामात दगडी तळखड्यांच्या सरळ रांगा उघड्या झाल्या, हिरव्या झिलईच्या फरशा निघाल्या, झिलईची कौलं निघाली. राजवाडा सापडल्याचं जाहीर झालं, ते पुस्तकांत गेलं, नकाशांवर चढलं. पुढची पन्नासेक वर्षं मंगोल साम्राज्यावर लिहिणारा जो तो हाच आराखडा ओगोदेईचा राजवाडा म्हणून छापत राहिला.

प्रत्यक्षात ते बौद्ध देऊळ होतं. किसेल्योव्ह कच्चे संशोधक होते असं अजिबात नाही. उलट त्यांच्या नोंदी चांगल्या होत्या म्हणूनच पुढच्या लोकांना त्या तपासून बघता आल्या. पण लिखाणात आहे म्हणून राजवाडा शोधायला गेलं की पहिली मोठी इमारत राजवाडाच वाटते, आणि स्टेपच्या, म्हणजे मध्य आशियातल्या गवताळ माळावर मोठ्या इमारती मुळातच इतक्या कमी की हा मोह आवरणं आणखी अवघड.

काराकोरम म्हटल्यावर आपल्याकडे लडाखपलीकडची पर्वतरांग आठवते. तिचा या शहराशी संबंध नाही. हे शहर उलानबातरच्या नैर्ऋत्येला साडेतीनशेहून अधिक किलोमीटरवर, आजच्या खारखोरिन गावाला लागून आहे. ‘आहे’ म्हणायचं ते सवयीने. जमिनीवर गवत, थोडे उंचवटे, तटाची दबलेली रेघ आणि दक्षिणेला एर्देने झू हा मठ, त्याच्या भिंतीवर ओळीने पांढरे स्तूप. हा मठ १५८५-८६ च्या सुमारास अबताई खानाने उभारला आणि त्यासाठी लागणारा दगड, विटा हाताशीच पडलेल्या शहरातून उचलल्या. शहर जमिनीवर का दिसत नाही याचं निम्मं उत्तर इथेच मिळतं.

हीच जागा काराकोरमची, हे ठरायलाही वेळ लागला. ओरखोनच्या खोऱ्यात एकाहून अधिक राजधान्या होऊन गेल्या. आठव्या शतकात तुर्क खागानांचे, म्हणजे सम्राटांचे, कोरीव शिलालेख इथे उभे राहिले, त्याच शतकात उइगुरांनी आपली ओर्दू-बालिक ही राजधानी काराकोरमच्या उत्तरेला तीसेक किलोमीटरवर वसवली. तिचे तट आजही उंच आहेत, त्यामुळे लोकांची गल्लत व्हायची. १८८९ मध्ये रशियन संशोधक निकोलाय यादरिंत्सेव्ह या खोऱ्यात फिरले आणि मंगोलांची राजधानी एर्देने झूच्या शेजारी आहे हे मांडलं. त्याच मोहिमेत तुर्की शिलालेखांचा शोध लागल्यामुळे जगाचं लक्ष तिकडे गेलं, काराकोरम मागे पडलं. १९३३-३४ मध्ये दिमित्री बुकिनिच यांनी थोडी चाचणी खोदाई केली, मग किसेल्योव्ह.

सगळ्यांना हेच खोरं का हवं होतं? धर्मभावना हे एक कारण. स्टेपवर ज्याच्या ताब्यात हे खोरं, तो खरा खागान, अशी जुनी समजूत होती. दुसरं कारण गवत. मंगोल सैन्य घोड्यांवर चालायचं आणि घोडे गवतावर. खांगाई पर्वतात लाव्हाच्या खडकांवर वाढलेले सायबेरियन पाइन आहेत. मेलेली झाडंही तिथल्या कोरड्या थंडीत शतकानुशतकं न कुजता पडून राहतात. त्यांच्या खोडांतल्या वार्षिक वलयांवरून अमेरिकी आणि मंगोल शास्त्रज्ञांनी हजाराहून जास्त वर्षांचा पावसाचा इतिहास मांडला, तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. जाड वलय म्हणजे ओलं वर्ष, बारीक म्हणजे कोरडं. चंगेझच्या तरुणपणी, ११८० च्या दशकात, कडक दुष्काळ होते. नंतर १२११ ते १२२५ ही सलग पंधरा वर्षं त्या सगळ्या काळात दुसरीकडे न आढळणारी ओली होती. पावसाने साम्राज्य उभं केलं असा निष्कर्ष काही वृत्तपत्रांनी लगेच काढला. तो उथळ आहे, कारण तेवढाच पाऊस इतरांच्याही कुरणांवर पडला असणार. मात्र एका खोऱ्यात हजारो जनावरं घेऊन दरबार भरवायचा तर गवत लागतंच, आणि ते त्या वर्षांत मुबलक होतं.

आता त्या चौथऱ्याकडे परत येऊ. २००० पासून मंगोल-जर्मन मोहिमेचं काम सुरू झालं. शहराच्या मधला कारागिरांचा भाग बॉन विद्यापीठाच्या गटाने खणला, तर ‘राजवाडा’ पुन्हा तपासण्याचं काम जर्मन पुरातत्त्व संस्थेचे हान्स-गेऑर्ग ह्युटेल यांच्याकडे आलं. खणलेलंच पुन्हा खणणं हे कुणालाही प्रतिष्ठा देणारं काम नाही. नवीन काही सापडण्याची आशा कमी, जुन्या चरांनी थर विस्कटलेले. पण किसेल्योव्ह यांच्या अहवालातच एक न जुळणारी गोष्ट होती. त्यांना बौद्ध भित्तिचित्रांचे तुकडे मिळाले होते. राजवाड्यात ते कसे? त्यांनी तोडगा काढला की इथे आधी एक बौद्ध देऊळ असावं आणि त्यावर ओगोदेईने राजवाडा बांधला असावा.

हा तोडगा खरा असेल तर जमिनीत दोन इमारतींचे थर दिसले पाहिजेत, खाली देवळाचा आणि वर राजवाड्याचा. ह्युटेल यांच्या गटाने चौथऱ्याचा छेद बारकाईने वाचला, तर तिथे सबंध बांधकाम एकाच इमारतीचं निघालं, काळाच्या ओघात डागडुजी झालेलं. सुमारे ३८ मीटर लांब आणि तेवढाच रुंद, चौरस सभामंडप. खांबांच्या आठ ओळी, प्रत्येक ओळीत आठ जागा, म्हणजे चौसष्ट. राजा बसायचा दरबार असता तर एका टोकाला सिंहासनाची जागा अपेक्षित होती. इथे सगळी रचना मध्याभोवती होती, आणि मध्यावर मोठ्या स्तूपाची जागा. मातीच्या बौद्ध मूर्तींचे तुकडे निघाले. आणि हजारोंच्या संख्येने निघाले ते त्सा-त्सा.

त्सा-त्सा म्हणजे ओल्या मातीचा गोळा साच्यात दाबून काढलेला चिमुकला स्तूप किंवा मूर्ती. तिबेटी बौद्ध परंपरेत पुण्यासाठी ते करून स्तूपात किंवा देवळात ठेवतात. एकेक वस्तू बघितली तर तिची किंमत शून्य, ना धातू, ना कोरीवकाम, साच्यातून निघालेली सगळी एकसारखी. संग्रहालयात त्यांच्यापुढे कुणी फार वेळ थांबत नसेल. पण चौथरा कुणाचा या प्रश्नावर तळखड्यांपेक्षा आणि हिरव्या फरशांपेक्षा त्यांची साक्ष जास्त भक्कम. झिलईची कौलं राजवाड्यावरही चढतात आणि देवळावरही. हजारो त्सा-त्सा राजवाड्यात कुणी ठेवत नाही.

मग लिखाणाकडे पुन्हा बघितलं गेलं, आणि तिथे उत्तर आधीपासून होतं. १३४६ मध्ये काराकोरमला चिनी आणि मंगोल भाषांतला एक शिलालेख उभारला होता. त्याचे तुकडे एर्देने झूच्या परिसरात मिळाले, कारण मठ बांधताना तो दगडही इतर दगडांसारखाच वापरला गेला. चिनी मजकूर लिहिणाऱ्या शू योरेन या विद्वान अधिकाऱ्याच्या लेखसंग्रहात तो शाबूत राहिला होता. चंगेझने १२२० मध्ये राजधानीसाठी ही जागा ठरवली ही माहितीही याच लेखातली. त्यात एका भव्य बौद्ध वास्तूचं वर्णन आहे. ओगोदेईच्या काळात सुरू झालेली, १२५६ मध्ये त्याचा पुतण्या मोंगके खान याने पुरी केलेली, पाच मजली, प्रत्येक बाजूला सात खण. आठ खांबांमध्ये सात खण बसतात. लेखातली दुरुस्त्यांची वर्षं आणि चौथऱ्यातले डागडुजीचे टप्पेही जुळतात. ते ग्रॅनाइटचं कासव बहुधा याच शिलालेखाची बैठक. म्हणजे देवळाची पाटी वाहणारा प्राणी देवळासमोर उघड्यावर बसलेला होता आणि सगळे त्याला राजवाड्याचं कासव म्हणत होते.

मग खरा राजवाडा कुठे? एर्देने झूच्या तटाला लागून घेतलेल्या चरांत मठाच्या भिंतीखाली तेराव्या शतकातली जुनी भिंत निघाली. त्यावरून ह्युटेल यांचं म्हणणं असं की मठाचं आवार म्हणजेच जुन्या राजवाड्याचं आवार, आणि राजवाड्याचे अवशेष मठाच्या खाली आहेत. हे मला पटतं. जिथे एकदा सत्तेची जागा ठरली तिथेच पुढच्या सत्तेने आपलं मंदिर बांधावं, हे जगभर घडत आलंय. पण मठ चालू आहे, तिथे पूजा होते, १९३० च्या दशकात कम्युनिस्ट राजवटीने केलेल्या विध्वंसातून वाचलेली मोजकी देवळं तिथे उभी आहेत. त्यांच्या जोत्याखाली खणायला कुणी सहजी परवानगी देणार नाही, देऊही नये.

राजवाडा आतून कसा होता याचं वर्णन मात्र आपल्याकडे आहे, आणि ते भन्नाट आहे. विल्यम रुब्रुक हा फ्रान्सिस्कन पंथाचा ख्रिस्ती साधू १२५३ च्या अखेरीस मोंगके खानाच्या छावणीत पोहोचला आणि एप्रिल १२५४ मध्ये काराकोरमला आला. (तेव्हा आपल्याकडे देवगिरीला यादव कृष्णदेव राज्य करत होता.) राजवाड्यात त्याने चांदीचं झाड पाहिलं. ते घडवलं होतं पॅरिसच्या गिल्योम बूशे या सोनाराने, ज्याला मंगोलांनी हंगेरीच्या स्वारीत पकडून आणलं होतं. बुंध्याशी चांदीचे चार सिंह, त्यांच्या तोंडांतून घोडीचं दूध. आतून चार नळ्या वर शेंड्यापर्यंत गेलेल्या, त्यांतून द्राक्षांचं मद्य, नितळ कुमिस (घोडीचं आंबवलेलं दूध), मधाचं मद्य आणि तांदळाचं मद्य खालच्या भांड्यांत पडायचं. शेंड्यावर तुतारी घेतलेला देवदूत. आधी तुतारीला भात्याने हवा द्यायचा बेत होता, पण वारा पुरेना. शेवटी झाडाखालच्या पोकळीत माणूस बसवला. हुकूम झाला की तो नळीत फुंकायचा, वर देवदूताचा हात तोंडाशी जायचा, तुतारी वाजायची आणि बाहेरचे नोकर पेयं ओतू लागायचे. या झाडाचा एक तुकडाही आजवर मिळालेला नाही. चांदी कुणी जमिनीत सोडून जात नाही.

रुब्रुकला शहराचं फारसं कौतुक वाटलं नाही. खानाचा वाडा सोडला तर पॅरिसजवळच्या सां-दनी खेड्याएवढीसुद्धा याची ऐपत नाही, असं तो लिहितो. पण त्याची नोंद बारीक आहे. दोन पेठा, एक मुसलमान व्यापाऱ्यांची, बाजाराची, दुसरी चिनी कारागिरांची. वेगवेगळ्या लोकांची मूर्तिपूजेची बारा देवळं, दोन मशिदी, गावाच्या टोकाला एक चर्च. भोवती मातीचा तट आणि चार वेशी. पूर्वेच्या वेशीत धान्य विकायला येतं, तेही क्वचित. पश्चिमेला मेंढ्या-बकऱ्या, दक्षिणेला बैल आणि गाड्या, उत्तरेला घोडे. मंगोल दरबारात त्याला हिंदुस्थानातल्या कुणा सुलतानाचे वकीलही भेटले, आठ चित्ते आणि घोड्याच्या पाठीवर बसायला शिकवलेले दहा शिकारी कुत्रे नजराणा म्हणून घेऊन आलेले. हिंदुस्थान कुठे म्हणून विचारल्यावर त्यांनी पश्चिमेकडे बोट दाखवलं आणि परतीच्या वाटेवर ते तीनेक आठवडे रुब्रुकबरोबर पश्चिमेलाच चालले. सरळ रेषेत हिंदुस्थान दक्षिणेला आहे. पण गोबीचं वाळवंट आणि तिबेट ओलांडायचं कोण? माणसं रस्त्याची दिशा सांगतात.

रुब्रुकच्या चिनी पेठेला जमिनीत दुजोरा मिळाला. बॉनच्या गटाने शहराच्या मधोमध, मुख्य रस्त्याच्या कडेला खणलं तिथे एकमेकांना चिकटून कारखाने होते. रस्त्याकडे दर्शनी भाग, मागे भट्ट्या. तांब्या-पितळेचं काम, लोखंडाचं काम, हाडं कोरण्याचं काम, काचेचे मणी. जमिनीखालून धूर आणि ऊब फिरवून जोतं गरम ठेवण्याची उत्तर चीनमधली पद्धतही या घरांत होती. हिवाळ्यात उणे तीस अंशांखाली जाणाऱ्या जागी तिच्यावाचून कारागिराचे हात चालले नसते. मोठ्या सभामंडपाजवळ कौलं आणि छताची सजावट भाजण्याच्या भट्ट्या मिळाल्या. तेवढी कौलं चीनमधून गाड्यांवर लादून आणण्यापेक्षा कुंभार आणणं सोपं होतं, आणि माणसं आणण्यात मंगोलांचा हात कुणी धरू शकत नव्हतं.

या कारखान्यांतली एक वस्तू मला चांदीच्या झाडाहून महत्त्वाची वाटते. ती म्हणजे ओतीव लोखंडाची जाड कडी. गाडीच्या चाकाच्या तुंब्यात ती बसवायची, म्हणजे ती लाकडी आसाभोवती फिरते आणि तुंबा झिजत नाही. बाहेरून तिला दाते असतात, लाकडात ती घट्ट रुतावी म्हणून. लोखंड ठोकून आकार देणं भटक्या लोहारालाही जमतं. लोखंड पाण्यासारखं वितळवून साच्यात ओतायचं तर साडेअकराशे अंशांच्या वर तापमान टिकवणारी भट्टी, भाते, कोळसा आणि ते ज्ञान असलेली माणसं लागतात. हे ज्ञान चिनी ओतकामगारांकडे होतं. अशा कड्या इथे बऱ्याच मिळाल्या आहेत, आणि त्याचं कारण सरळ आहे. हे शहर गाड्यांवर जगत होतं.

फारसी इतिहासकार रशीदुद्दीन सांगतो की काराकोरमला रोज पाचशे गाड्या भरून खाणं-पिणं यायचं. आकडा फुगवलेला असू शकतो. पण चीनपासून काराकोरमपर्यंत सदतीस टप्प्यांची व्यवस्था होती, ठरावीक अंतरावर ठाणी, हे तोच सांगतो. हाडांवरून दिसतं की मांस आसपासचंच, मेंढ्या-बकऱ्या, गुरं, घोडे. बियांचा अभ्यास करणाऱ्यांना बाजरीवर्गातली धान्यं, गहू, जव मिळाले. काही शेती शहराभोवती होत असावी, पण या उंचीवर पीक बेभरवशाचं. पूर्वेच्या वेशीत धान्य क्वचितच येतं हे रुब्रुकचं निरीक्षण इथे जुळतं. १२६० मध्ये मोंगकेच्या मागे त्याचा भाऊ कुबलाई आणि त्याहून धाकटा भाऊ अरिक बोके यांच्यात गादीसाठी लढाई जुंपली. काराकोरम अरिक बोकेच्या हातात होतं. कुबलाईने चीनमधून येणारं धान्य अडवलं, आणि शहरात उपासमार झाली. तटाला शिडी लावण्याचीही गरज पडली नाही.

तट तरी केवढा होता? तो शत्रूला अडवण्याच्या लायकीचा नव्हताच. जगातल्या सर्वात बलाढ्य फौजेच्या राजधानीला तशी गरजही नसावी. कोण आलं, काय घेऊन आलं, किती जकात द्यायची, हे वेशीवर बघता यावं एवढंच त्याचं काम, असं मला वाटतं. या तटाच्या आत आणि बाहेर नेमकं काय होतं हे मात्र अलीकडेपर्यंत धूसर होतं. खणून समजायचं तर शतकं लागतील. बॉन विद्यापीठाचे यान बेमान आणि त्यांच्या मंगोल-जर्मन सहकाऱ्यांनी खणण्याऐवजी जमिनीचं चुंबकत्व मोजलं.

माती भाजली की तिच्यातल्या लोहखनिजांचं चुंबकत्व पुसलं जातं आणि थंड होताना त्या क्षणीच्या पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राची दिशा त्यात गोठते. त्यामुळे वीट, कौल, चूल, भट्टी हे सगळं आसपासच्या कच्च्या मातीपेक्षा वेगळं उठून दिसतं, वर अर्धा मीटर माती असली तरी. फरक मात्र अतिसूक्ष्म. पृथ्वीचं क्षेत्र पन्नास हजार एककं धरलं तर हा फरक कित्येकदा दोन-चार एककांचा. तो टिपणारा स्क्विड नावाचा संवेदक अतिवाहक धातूचा असतो आणि द्रव हेलियममध्ये उणे २६९ अंशांना बुडवून ठेवावा लागतो. असे संवेदक गाडीमागे ओढत माळावर पट्टे काढायचे, प्रत्येक मोजमापाची जागा उपग्रहावरून नोंदवायची. झाड नाही, कुंपण नाही, विजेच्या तारा थोड्या. या तंत्राला स्टेपसारखी जमीन नाही. बेमान यांच्या गटाने ५२ दिवसांत ४६५ हेक्टर जमीन अशी मोजली, आणि नकाशा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला.

नकाशात रस्ते दिसले, रस्त्यांच्या कडेची दाटी दिसली, स्वतःचं कुंपण असलेले मोठे वाडे दिसले. दोन गोष्टींनी जुना अंदाज मोडला. एक, शहर तटाच्या आत मावत नव्हतं. वेशींतून बाहेर पडणाऱ्या रस्त्यांच्या दोन्ही अंगांना वस्ती लांबपर्यंत पसरली होती. दुसरी, तटाच्या आतला मोठा भाग रिकामा होता. तिथे वीट नाही, भट्टी नाही.

रिकामा म्हणजे निर्मनुष्य का? इथे आषाढी वारीचा विचार करावा. पालखीचा तळ पडतो त्या माळावर एका रात्रीत लाखाची वस्ती होते, चुली पेटतात, दुकानं लागतात. चार दिवसांनी पाऊस पडून गेल्यावर तिथे खणणाऱ्याला काय मिळेल? थोडी राख, थोडा कचरा. मंगोल खान वर्षभर काराकोरममध्ये राहत नव्हता. ओगोदेईचं वर्ष ऋतूंप्रमाणे ठरलेलं होतं. वसंतात थोडे दिवस शहरात, मग उत्तरेच्या पाणथळ भागात शिकारीला, उन्हाळ्यात डोंगरावर, हिवाळ्यात दक्षिणेला ओंगी नदीकडे. त्याच्याबरोबर दरबार, फौज, कळप, हजारो माणसं हलायची. ती शहराजवळ आली की लोकरीच्या तंबूंत राहायची, विटांच्या घरांत नाही. तटाच्या आतली ती मोकळी जागा बहुधा अशा तंबूंसाठी राखलेली. बेमान यांचा नकाशा मला म्हणूनच चांदीच्या झाडाच्या वर्णनाहून जास्त बोलका वाटतो. कारागीर, व्यापारी, कारकून आणि भिक्षू एवढेच बारमाही रहिवासी, आणि ज्यांच्यासाठी शहर वसलं ते पाहुण्यासारखे येणार. भटक्या लोकांना शहर वसवता येत नाही, हे जुनं मत इथे टिकत नाही. त्यांनी वसवलेलं शहर इतर शहरांसारखंच असणार ही उलट बाजूची समजूतही टिकत नाही. किसेल्योव्ह यांची चूक या दुसऱ्या जातीची होती. त्यांनी शहर म्हटल्यावर त्यातली सर्वात मोठी इमारत राजवाड्याचीच धरली.

कुबलाईने राजधानी चीनमध्ये हलवल्यावर काराकोरम लगेच ओस पडलं नाही. ते प्रांताचं ठाणं झालं, देवळाची डागडुजी होत राहिली. कारागिरांच्या पेठेत टांकसाळ म्हणून ‘काराकोरम’ हे नाव कोरलेलं हिजरी ६३५ चं, म्हणजे १२३७-३८ चं, अरबी लिपीतलं नाणं मिळालं आहे. शहराच्या नावाचा तो सर्वात जुना पुरावा. दुसऱ्या टोकाला १३७० च्या दशकातला फाग्स-पा या कुबलाईच्या काळात मंगोल दरबारासाठी तयार केलेल्या लिपीतला काशाचा सरकारी शिक्का तिथेच मिळाला. चीनमधली मंगोल सत्ता १३६८ मध्ये संपली होती. पळून परत आलेलं सरकार इथे बसून शिक्के मारत होतं. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चीनच्या नव्या मिंग घराण्याच्या फौजांच्या मोहिमांत शहराची वाताहत झाली, आणि उरलेलं मठाने वापरलं.

ओरखोनचं खोरं २००४ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. अलीकडे मंगोलिया सरकारने याच खोऱ्यात नवी राजधानी वसवण्याची योजना जाहीर केली आहे, उलानबातरची गर्दी आणि धूर कमी करायला. पुरातत्त्वज्ञांपुढे त्यामुळे एक नवं काम आलं. वेशींबाहेरच्या रस्त्यांवरची वस्ती जिथे संपते ती हद्द अजून आखलेली नाही, आणि पायाभरणी होण्याआधी तो माळ मोजून घ्यावा लागेल.